अधिकार वचनाचा, की वचन सांगणाऱ्याचा?

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये 17:10-15



थेस्सलनीकेत दंगल उसळली आणि तिथल्या बंधूंनी पौल आणि सीला यांना रातोरात बिरुयाला पाठवून दिलं. बिरुयाच्या सभास्थानातल्या लोकांनी मग दोन गोष्टी एकाच वेळी केल्या. पौलाचं बोलणं त्यांनी मनापासून ऐकून घेतलं, आणि तो सांगतो ते खरंच तसं आहे का हे रोज शास्त्र उघडून तपासलं. लूक त्यांना यासाठी नावं ठेवत नाही. थेस्सलनीकेच्या लोकांपेक्षा ते मोठ्या मनाचे होते, असंच तो नोंदवतो.

जरा विचार करा, कुणाला तपासलं त्यांनी? प्रत्यक्ष पौलाला! नव्या कराराचा एवढा मोठा भाग ज्याच्या पत्रांनी भरला आहे, त्या माणसाला. आणि पौल चिडला असं कुठेही लिहिलेलं नाही. (आपल्याकडे रविवारी संदेश संपल्यावर एखाद्या मुलाने बायबल उघडून पाळकसाहेबांना "हे नेमकं कुठे आहे?" असं विचारलं, तर घरी जाताना आई त्याला गाडीवर काय काय ऐकवते ते तुम्हाला माहीत आहे.)

आता खरा प्रश्न. बिरुयाकरांनी पौलाला शास्त्रावर तपासलं. पण शास्त्राला कशावर तपासायचं?

हा प्रश्न मला मंडळीत कमी आणि ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जास्त विचारला जातो. माझ्या टीममधल्या एकाने तो अगदी आमच्या भाषेत मांडला. "तुमचं पुस्तक देवाचं कशावरून, तर पुस्तकात तसं लिहिलंय म्हणून. आणि पुस्तकात लिहिलंय ते खरं कशावरून, तर ते देवाचं म्हणून. ही तर सर्क्युलर डिपेंडन्सी झाली. बिल्ड फेल."

तो हसला, मीही हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

उरलेलं अर्धं असं. तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा ब्राउझर तिचं सर्टिफिकेट तपासतो. त्या सर्टिफिकेटवर कुणाची तरी सही असते, त्या सही करणाऱ्याच्या सर्टिफिकेटवर आणखी वरच्याची सही असते. असं वर वर जात शेवटी रूट सर्टिफिकेट येतं. त्यावर कुणाची सही असते? त्याची स्वतःचीच. त्याच्या वर कुणी नाही, म्हणून तर ते रूट. रूटवर दुसऱ्या कुणाची सही लागली असती, तर तो दुसराच रूट ठरला असता.

सर्वांत वरच्या अधिकाराचं हे असंच असतं. मी माझ्या बुद्धीवरच विश्वास ठेवते असं म्हणणाऱ्याला विचारा, बुद्धी भरवशाची आहे हे कशावरून? उत्तर देताना तो बुद्धीच वापरणार. जे डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं असं म्हणणाऱ्याचं हे वाक्य कुठल्या डोळ्यांना दिसलं? प्रत्येक माणसाच्या साखळीच्या टोकाला एक रूट असतो. फरक इतकाच की आपला रूट आपण उघड सांगतो, बाकीच्यांचा सिस्टिममध्ये आधीच इन्स्टॉल होऊन आलेला असतो आणि त्यांनी तो कधी उघडून पाहिलेला नसतो.

पण मित्रांनो, इथेच थांबून "बघा, जिंकलो" असं म्हणू नका. अनेक ख्रिस्ती यूट्यूब चॅनेल इथेच थांबतात, आणि ते मला पटत नाही. कारण स्वतःवर स्वतः सही कुणीही करू शकतो. मी माझ्या लॅपटॉपवर दोन मिनिटांत एक रूट सर्टिफिकेट बनवू शकते. हाच युक्तिवाद पुढे करून जगातला कुठलाही ग्रंथ, कुठलाही बाबा स्वतःला सर्वोच्च ठरवू शकतो. शिवाय रूटवरचा विश्वास आंधळाही नसतो. 2011 साली डिजिनोटार या डच कंपनीत हॅकर घुसले आणि तिच्या नावाने खोटी सर्टिफिकेटं निघाली. हे उघड झाल्यावर सगळ्या मोठ्या ब्राउझरनी ती कंपनी यादीतून काढून टाकली. म्हणजे रूट कुणाच्या सहीने सिद्ध होत नसला, तरी तो कसा वागतो हे तपासता येतं.

मग आपलं शास्त्र स्वतःला तपासू देतं का?

लूक आपल्या शुभवर्तमानाची सुरुवात स्वप्न किंवा दृष्टान्त सांगून करत नाही. पहिल्या चार ओवींत तो थियफिलाला आपली पद्धत सांगतो. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेली माहिती, मुळापासून केलेला शोध, मग क्रमवार लेखन. पौल करिंथकरांना पाचशेहून जास्त साक्षीदारांबद्दल लिहितो आणि त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत असं मुद्दाम कळवतो (1 करिंथ 15:6). याचा अर्थ काय? जा आणि विचारा. त्याच अध्यायात पुढे तो म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेशही पोकळ आणि तुमचा विश्वासही. आपला सगळा दावा नेमका कुठे मोडू शकतो हे त्याने स्वतःच दाखवून ठेवलं आहे. टेस्ट केस लिहिणाऱ्यांना मला काय म्हणायचंय ते कळेल.

हस्तलिखितांचंही तसंच. 1947 पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यांत यशयाची जवळजवळ पूर्ण गुंडाळी निघाली, तोवर माहीत असलेल्या संपूर्ण हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षं जुनी. दोन्हींत फरक आहेत का? आहेत, पुष्कळ आहेत. बहुतेक अक्षरलेखनाचे, काही त्याहून मोठे. पण यशया यशयाच राहिला. मार्काचा शेवट (16:9-20) आणि व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग (योहान 7:53 ते 8:11) सर्वांत जुन्या चांगल्या प्रतींत नाहीत. हे विरोधकांनी खोदून काढलेलं गुपित नाही, कितीतरी बायबलांत तिथेच कंस किंवा तळटीप असते. आपलं बायबल आपला चेंजलॉग लपवत नाही.

तरीही सांगते, कॉपी बरोबर झाली म्हणजे मजकूर खरा ठरला असं नाही. चुकीची फाईलसुद्धा व्यवस्थित कॉपी होते. हे पुरावे दार उघडतात. आत जाणं वेगळं.

आता हे सगळं मी का लिहितेय ते सांगते.

पुणे-सोलापूर हायवेवर भिगवण गेलं, पळसदेव गेलं, की लोणी देवकर येतं. तिथे माझ्या मामाचं घर. मामेभाऊ तिथल्याच एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. 2021 च्या दुसऱ्या लाटेत मामा दवाखान्यात होता. ऑक्सिजनची धावपळ चालू होती, आणि मोबाईलवर रोज रात्री प्रार्थना. त्या प्रार्थनेत एक उपदेशक असायचे. यशयाच्या 53 व्या अध्यायातली पाचवी ओवी घेऊन ते ठामपणे सांगायचे की हा देवाचा लेखी शब्द आहे, मामा बरा होणारच, शंका घेणं म्हणजे देवाला खोटं ठरवणं. मामीने तो शब्द धरून ठेवला. नवव्या दिवशी मामा गेला. पुढच्याच आठवड्यात त्याच उपदेशकांनी सांगितलं की घरातल्या कुणाचा तरी विश्वास कमी पडला.

घरात होतेच किती जण? मामी आणि तो.

भाऊ त्यानंतर उपासनेला गेला नाही. मामीने आग्रह केला नाही. मागच्या उन्हाळ्यात मी गेले होते. उजनीचं पाणी उतरलेलं, पळसदेवला बॅकवॉटरच्या काठावर आम्ही दोघं उभे होतो. तो म्हणाला, "ताई, तुझी ती हस्तलिखितं आणि गुहा तुझ्याकडेच ठेव. पुस्तक खरं आहे की खोटं हा माझा प्रश्नच नाही. ते पुस्तक हातात घेऊन माझ्या आईला कुणीही काहीही ऐकवू शकतं, हा माझा प्रश्न आहे."

मित्रांनो, शास्त्राच्या अधिकाराबद्दल मी ऐकलेला सर्वांत चांगला प्रश्न हा आहे. कॅन्टीनमधल्या प्रश्नापेक्षा कितीतरी खोल. आणि हा प्रश्न आपल्याच मातीत एका बाईने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगून दाखवला आहे. लोणी देवकरहून पुण्याकडे येताना चौफुल्याला वळलं की केडगाव. मी पंडिता रमाबाईंबद्दल बोलतेय.

1858 साली जन्मलेल्या रमाबाई पुराणिकांच्या घरातल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेले. सगळं कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. ग्रंथात जे पुण्य सांगितलंय ते करायचं, दान द्यायचं, व्रतं करायची. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात जवळचं सगळं संपलं, आणि काही महिन्यांत वडील, आई आणि मोठी बहीण गेली. ग्रंथाच्या शब्दावर सर्वस्व टाकणं म्हणजे काय, हे रमाबाईंना पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

पुढे कलकत्त्यात त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. लग्न झालं, दोन वर्षांच्या आत पती बिपिनबिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले. घरातल्या पुस्तकांत त्यांना बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान मिळालं होतं. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचं मन कशाने हललं ते त्यांनी नंतर लिहून ठेवलं आहे. लंडनजवळ फुलहॅमला समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी धर्मभगिनींचं काम त्यांनी पाहिलं. यांच्याशी असं प्रेमाने का वागता, असं विचारल्यावर त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्री वाचून दाखवण्यात आली. पुस्तकातला येशू आणि समोरच्या बायकांना मिळणारी वागणूक यांचा मेळ त्यांना दिसला.

पण पुढचं आपण उपदेशात सहसा सांगत नाही. बाप्तिस्मा झाल्यावर रमाबाई गप्प बसल्या नाहीत. सिस्टर जेराल्डाइन या त्यांच्या आध्यात्मिक आईसारख्या. त्यांच्याशी रमाबाईंची पत्रांतून जोरदार वादावादी झाली. त्रैक्याबद्दल प्रश्न, अथानासियसच्या मतांगीकाराबद्दल प्रश्न. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, ना मला कळत ना माझ्या लोकांना, इथपर्यंत. सिस्टरचं म्हणणं, मंडळीने जे ठरवलंय ते नम्रपणे मान. रमाबाईंचं म्हणणं थोडक्यात असं की मोठ्या कष्टाने मी एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले, आता तसलंच दुसरं जोखड देवाच्या नावाने मानेवर घेणार नाही. मी देवाचं वचन मानते, पण ते वचन काय म्हणतं हे माझ्या सदसद्विवेकबुद्धीने वाचून ठरवेन. ही पत्रं 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने पुस्तकरूपात छापली आहेत. मिळाली तर जरूर वाचा. इंग्रजीत आहेत, पण आवाज अस्सल आपल्याकडचा आहे.

माझ्या मते रमाबाईंनी इथे नेमकी गाठ सोडवली. शास्त्राचा अधिकार आणि शास्त्र सांगणाऱ्याचा अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा अधिकार पहिल्याचे कपडे घालून येतो, आणि बहुतेक वेळा आपण फसतो ते तिथे.

यावर कुणी म्हणेल, हे बरं आहे, म्हणजे प्रत्येकाने आपल्याला हवा तो अर्थ काढायचा! शंका रास्त आहे. पण रमाबाईंनी पुढे काय केलं ते बघा. कुठल्याही धर्मगुरूपुढे मान न तुकवणारी ही बाई हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. मराठीत नवा करार तेव्हा नवीन नव्हता. 1811 मध्येच विल्यम कॅरींच्या श्रीरामपूरहून तो छापून निघाला होता (आपलं अहिल्यानगरकडचं नव्हे, बंगालमधलं). पण रमाबाईंना हवं होतं ते मुक्ती मिशनमधल्या, दुष्काळातून आलेल्या, नुकतंच वाचायला शिकलेल्या मुलींना कळणारं बायबल. टाइप जुळवणं, छपाई, बांधणी, सगळं केडगावच्या छापखान्यात बायकामुलींनीच केलं. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं.

भाषांतर करणाऱ्याला आपल्या मनाचं लिहिता येत नाही. न आवडलेली ओवी गाळता येत नाही, अवघड ओवी गोड करता येत नाही. जी बाई माणसांपुढे वाकली नाही ती मजकुरापुढे वाकली, एकेका क्रियापदापुढे. शास्त्राच्या अधिकाराखाली राहणं यापेक्षा वेगळं काय असतं, मला तरी सांगता येणार नाही. आणि तिला ते पुस्तक आपल्या हातात ठेवायचं नव्हतं, ते मुलींच्या हातात द्यायचं होतं. पुढे कुणी त्यांना काही ऐकवलं, तर त्यांना स्वतः उघडून बघता यावं म्हणून.

आता त्या उपदेशकांकडे परत येऊ. वचन चुकीच्या कामाला लावणं नवीन नाही. मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतान स्वतः 91 वं स्तोत्र म्हणून दाखवतो. अगदी बरोबर संदर्भ, एखाद्या पाठांतर स्पर्धेत बक्षीस मिळेल असा. येशू काय करतो? "पुस्तकच नको" असं म्हणत नाही. त्या वचनाशेजारी दुसरं वचन ठेवतो. एकट्या ओवीला तो सगळ्या शास्त्रासमोर उभी करतो.

तसंच आपणही करू. यशया 53:5 शेजारी 1 पेत्र 2:24 ठेवा. पेत्र ती ओवी पापाच्या संदर्भात वाचतो. मग 2 तीमथ्य 4:20 ठेवा. त्रफिम आजारी पडला आणि पौलाने त्याला मिलेतात तसाच आजारी मागे ठेवला. पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कुणाची हिंमत आहे? मग ईयोबाचा शेवटचा अध्याय. ईयोबाचे मित्र सगळं वेळ देवाच्या बाजूनेच बोलत होते, दुःख आलंय म्हणजे दोष असणारच, आणि देव रागावतो तो त्यांच्यावर. मामीच्या घरी जे बोललं गेलं त्याचा निवाडा करायला मला बाहेरून कुठली मानसशास्त्राची फूटपट्टी आणावी लागली नाही. शास्त्रच मामीच्या बाजूने उभं राहिलं. त्या माणसाला गप्प करण्याइतका अधिकार माझ्या रागात नाही, तो वचनात आहे. म्हणून तर मला वचनाचा अधिकार हवा आहे. तो काढून टाकला तर उरतात फक्त मोठ्या आवाजाची माणसं.

हे सगळं मी भावाला त्याच दिवशी बोलले नाही. महिनाभराने फोनवर थोडंसं बोलले, त्रफिमाचं आणि ईयोबाच्या मित्रांचं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे आईला सांग." मी मामीला सांगितलं. मामीने ओवीचा नंबर दोनदा विचारून घेतला आणि कॅलेंडरवर लिहून ठेवला.

आता दर गुरुवारी त्याची शिफ्ट संपली की आम्ही फोनवर लूक वाचतो, एका वेळी एक अध्याय. तो विश्वासात परत आला असं मी म्हणणार नाही, तोही म्हणत नाही. त्याची अट आहे की मी अर्थ सांगायचा नाही, आधी दोघांनी वाचायचं, मग त्याने विचारायचं. अगदी बिरुयाकर! त्याने एक वही केलीय, तीत प्रश्न लिहितो. मागच्या गुरुवारी सातवा अध्याय होता. नाईन गावच्या वेशीजवळ विधवेचा एकुलता एक मुलगा, त्याची तिरडी, आणि येशूने तिला पाहून कळवळणं. वाचून झाल्यावर त्याने वहीत काहीतरी लिहिल्याचा आवाज आला. मग विचारलं, "ताई, त्या गावात त्या दिवशी आणखी कुणी मेलं असेल ना?"

मी म्हणाले, असेल. आठवा अध्याय या गुरुवारी आहे. त्यात याईर आपल्या मुलीसाठी येशूच्या पाया पडतो, आणि येशू वाटेत थांबतो.